पहिला कागद जपून ठेवा: आवाजात काम करणाऱ्यांची कानाची तपासणी

गेल्या पावसाळ्यात इचलकरंजीचे एक यंत्रमाग कामगार माझ्यासमोर येऊन बसले. वय 46. मागावर 18 वर्षं आणि त्याआधी 6 वर्षं एका सूतगिरणीत. काय होतंय म्हणून विचारलं तर म्हणाले, "आवाज येतोय ओ मॅडम, पण काय बोलायल्यात ते कळत न्हाई." सोबत बायको होती. ती म्हणाली, "ह्यांना पाच नारळ आणा म्हटलं तर सात आणतात. सात म्हटलं की आठ."

हे तीन आकडे जरा मोठ्याने म्हणून बघा. पाच, सात, आठ. तिन्हींच्या पोटात तोच 'आ' आहे. हा 'आ' जाड आणि ताकदवान असतो, भिंतीपलीकडूनही ऐकू येतो. पाचाला पाच आणि साताला सात करतात ती त्याच्या मागेपुढे असलेली बारीक व्यंजनं: प, च, स, त, ठ. ती बोलताना तोंडातून येतात तीच मुळात हळू, आणि त्यातली बरीचशी वरच्या पट्टीतली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचं ऐकणं वरच्या पट्टीतच आधी जातं. म्हणून त्याला 'आ' ऐकू येतो, पण कोणता 'आ' ते कळत नाही. घरच्यांना वाटतं लक्ष देत नाही, मुद्दाम करतो. त्याला स्वतःला वाटतं समोरचाच तोंडातल्या तोंडात बोलतो.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कान तपासणं हेच माझं रोजचं काम. मी त्यांना विचारलं, "सूतगिरणीत कधी कान तपासले होते का?"

"व्हय की. वर्षाला गाडी यायची. कानाला हेडफोन लावायचे, बटण दाबा म्हणायचे, सही घ्यायचे."

सहा वर्षांत सहा तपासण्या. "मग त्याचे कागद?"

"कागद हापिसात. आमाला कोण देतंय?"

ती गिरणी आता बंद आहे. कागद कुठे गेले, कुणालाच माहीत नाही. हा लेख मी त्या सहा कागदांसाठी लिहिते आहे. कारखान्यातल्या कानाच्या तपासणीबद्दल कामगारांचा, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मालकांचाही, एक मूळ गैरसमज आहे. त्यांना वाटतं ही पास-नापासची परीक्षा आहे. तसं नाही. या तपासणीत तुमची तुलना दुसऱ्या कुणाशी करायची नसते, तुमच्याच जुन्या कानांशी करायची असते. जुना कागद नसेल तर नव्या कागदाचं मोल अर्ध्याहून कमी होतं.

दडे का बसतात

आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे. पाळी संपवून बाहेर आलं की कानाला दडे बसलेले असतात. सगळं कापसातून ऐकल्यासारखं वाटतं, कुणाच्या कानात शिट्टी वाजत राहते, कुणाला रातकिडे ऐकू येतात. रात्री झोप झाली की सकाळी कान मोकळे. म्हणून माणूस निर्धास्त राहतो. कान दमले होते, बरे झाले.

आत काय होतं ते बघू. कानाच्या आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात रांगेने बसवलेल्या केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात, एका कानात साधारण 15,000. आवाज आला की या नळीतलं पाणी हलतं, पेशींची टोकं वाकतात आणि मेंदूकडे निरोप जातो. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपतात, आत शेवटाकडच्या पेशी जाड आवाज टिपतात.

ज्वारीच्या शेतातून एकदा कुणी आडवं गेलं तर वाकलेली ताटं दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहतात. रोज तिथूनच जायला लागलं की पायवाट पडते आणि मग तिथे काही उगवत नाही. दडे बसणं म्हणजे वाकलेली ताटं. कायमचा बहिरेपणा म्हणजे पायवाट. या पेशी माणसात एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात उगवतात, आपल्या नाही. यावर औषध नाही, गोळी नाही, ऑपरेशन नाही. श्रवणयंत्राने आवाज मोठा करता येतो, पण गेलेली पेशी परत आणता येत नाही. म्हणून दडे सकाळी सुटतात यात समाधान मानू नका. रोज संध्याकाळी दडे बसतायत, हीच धोक्याची खूण आहे.

ही पायवाट पडते तीही ठरलेल्या जागी. तपासणीत सेकंदाला 4,000 कंपनांचा जो सूर असतो, त्याच्या आसपास ऐकणं आधी खाली जातं. कानाच्या बाहेरच्या भोकाची लांबी-रुंदीच अशी आहे की 3,000 कंपनांच्या आसपासचे आवाज त्यात आपोआप वाढतात, आणि मार बसतो तो त्याच्या थोडा वरच्या जागेला. त्यामुळे माग असो, ग्राइंडर असो की पत्र्यावर पडणारा हातोडा, सगळ्यांची खूण जवळपास एकाच ठिकाणी उमटते.

आवाज किती म्हणजे जास्त

आवाज मोजायचं डेसिबल हे माप किलो-मीटरसारखं सरळ वाढत नाही, तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. 90 वरून 93 झालं तर ऐकणाऱ्याला फरक जेमतेम जाणवतो, पण कानावर आदळणारी ऊर्जा तेवढ्यात दुप्पट झालेली असते. 90 वरून 100 म्हणजे ऊर्जा 10 पट. म्हणून "दोन-चार डेसिबल इकडे-तिकडे" हे वाक्य कारखान्यात कुणी बोललं की मला राहवत नाही.

भारतात मर्यादा आहे 8 तासांना 90 डेसिबल. आवाज 5 ने वाढला की वेळ निम्मी: 95 ला 4 तास, 100 ला 2 तास, 105 ला 1 तास, 110 ला अर्धा तास, आणि 115 ला पाव तास. धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे आपटत जाणारा तुकडा, असलेल्या जुन्या मागांच्या शेडमध्ये आवाज 95 ते 100 आणि कधी त्याच्याही वर जातो. फाउंड्रीतल्या फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या जॉबच्या कडा घासून-छिलून काढायच्या कामाला, किंवा फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून घडवायच्या, हॅमरजवळही तीच कथा. आता हे 100 डेसिबल आणि इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या शेजारी ठेवून बघा. कोष्टक म्हणतं 2 तास.

ही 90 ची मर्यादाही पुरती सुरक्षित नाही, हे मला इथेच सांगायला हवं. अमेरिकेतली सरकारी संशोधन संस्था नायॉश 8 तासांना 85 ची शिफारस करते, आणि 5 ने नव्हे तर दर 3 डेसिबलला वेळ निम्मी करते. त्या हिशेबाने 100 डेसिबलला मिळतात फक्त 15 मिनिटं. त्यामुळे "आमचं रीडिंग 89 आहे, तपासणी लागत नाही" असं म्हणणाऱ्या कारखान्यात तपासणी करायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मीटर नसेल तर एक साधा अंदाज. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावं लागत असेल, तर तिथला आवाज 85 च्या वर असण्याची दाट शक्यता आहे. मागाच्या शेडमध्ये तर कामगार ओरडतही नाहीत, ओठ आणि हात बघून बोलतात. तिथे मीटर कशाला लागतं?

घड्याळ घेऊन गेलेला डॉक्टर

मोठ्या आवाजाने कान जातात ही ओळख नवी नाही. इटलीचे डॉक्टर बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की व्हेनिसमध्ये दिवसभर तांबं ठोकणारे कारागीर हळूहळू बहिरे होतात. पुण्याच्या तांबट आळीतून कधी गेला असाल तर ते वाचायचीही गरज नाही, गल्लीच्या तोंडाशीच कळतं.

मला त्याहून जवळचे वाटतात ते ग्लासगोचे डॉ. थॉमस बार. 1886 साली त्यांनी बॉयलर बनवणाऱ्या 100 कामगारांचे कान तपासले. तेव्हा आजचं यंत्र नव्हतं. खिशातलं घड्याळ कानापासून किती अंतरावर असताना त्याची टिकटिक ऐकू येते, हे त्यांनी मोजलं. शंभरात एकाचंही ऐकणं निरोगी निघालं नाही. साधन साधं होतं, पण त्यांनी एक गोष्ट केली जी आजही अनेक ठिकाणी होत नाही: प्रत्येक माणसाचा आकडा लिहून ठेवला.

तपासणीच्या दिवशी

तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात. दुखत नाही, टोचत नाही, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पण ती नीट झाली की नुसती उरकली, हे कामगारालाही ओळखता आलं पाहिजे.

आदल्या दिवसापासून सुरुवात. तपासणीआधी कानाला निदान 14 तास शांतता हवी. म्हणजे पाळीच्या मधूनच उठवून तपासणीला बसवलं तर ती तपासणी चुकीची. दडे बसलेल्या कानाची तपासणी म्हणजे धावून आलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर. सगळ्यात योग्य वेळ सुट्टीनंतरच्या सकाळी, मशीन चालू होण्याआधी. तसंच आदल्या रात्री मिरवणुकीतल्या डीजेसमोर नाचून येऊ नका, हे मी गणपतीनंतरच्या शिबिरात आवर्जून विचारते.

मग तपासणाऱ्याने आधी कानात बॅटरीने डोकावून बघायला हवं. मळाचा बोळा असेल, पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल तर आधी त्याचं बघायचं. हेडफोन आधी आणि कानात डोकावणं नाहीच, असं असेल तर खुशाल विचारा.

बसवतात ती खोली किंवा गाडी खरोखर शांत हवी. एकदा एका कारखान्यात मला तपासणीसाठी जी खोली दिली तिच्या भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर होता. दर चार मिनिटांनी तो सुरू व्हायचा आणि आत बसलेल्या माणसाला बारीक सूर ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी सामान आवरलं आणि रविवारी परत आले. त्या दिवशी तशीच तपासणी केली असती तर चाळीस जणांच्या नावापुढे खोटे आकडे पडले असते, आणि पुढच्या वर्षी तेच आकडे 'पहिले' म्हणून धरले गेले असते.

कानाला हेडफोन, हातात बटण. आधी बऱ्या कानाकडून सुरुवात. एक सूर वाजतो, तुम्ही बटण दाबता. मी आवाज 10 ने कमी करते. पुन्हा दाबलंत, पुन्हा 10 ने कमी. ऐकू यायचं थांबलं की 5-5 ने वाढवत जाते. असं खाली-वर करत जिथे तो सूर जेमतेम ऐकू येतो तो आकडा लिहिते. मग पुढचा सूर. 500, 1,000, 2,000, 3,000, 4,000, 6,000, 8,000 कंपनांचे सूर, आधी एका कानात, मग दुसऱ्या. 3,000 आणि 6,000 गाळून तपासणी उरकणारेही असतात. आवाजात काम करणाऱ्यासाठी तेच दोन सूर महत्त्वाचे आहेत, ते गाळू देऊ नका.

सगळ्यांना एक सांगते: आवाज अगदी पुसट आला, आला की नाही अशी शंका असली, तरी बटण दाबा. अंदाजाने मात्र दाबू नका. काही जण नोकरी जाईल या भीतीने लय पकडून बटण दाबत राहतात. मी सुरांमधलं अंतर बदलत राहते, त्यामुळे ते लगेच कळतं. 1,000 चा सूर मी शेवटी परत घेते. दोन्ही वेळच्या आकड्यांत 5 हून जास्त फरक आला तर पुन्हा पहिल्यापासून. कोण घाबरून दाबतंय हे दिसतं तेव्हा रागवावंसं वाटत नाही. मशीन बंद करून बाहेर नेते, चहा देते, आणि सांगते की हा कागद तुम्हाला काढून टाकण्यासाठी नाही. ते खरं ठरावं ही जबाबदारी मालकाची आहे. तपासणीत ऐकणं कमी निघालं म्हणून माणसाला घरी बसवणारा कारखाना दुसऱ्याच वर्षी खोटे कागद गोळा करू लागतो, कारण मग सगळेच लय पकडून दाबतात.

कागद कसा वाचायचा

ऑडिओग्राम म्हणजे चौकटींचा कागद. डावीकडून उजवीकडे जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत. वरून खाली डेसिबल, पण उलटे: वर कमी, खाली जास्त. म्हणजे रेघ जितकी खाली तितकं ऐकणं वाईट. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. 0 म्हणजे आवाज नाही असं नव्हे, निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येईल तो आवाज 0. साधारण 25 पर्यंत निरोगी धरतात.

त्या यंत्रमाग कामगारांचा उजवा कान असा निघाला: 500 ला 15, 1,000 ला 20, 2,000 ला 30, 3,000 ला 50, 4,000 ला 65, 6,000 ला 60, आणि 8,000 ला पुन्हा वर येऊन 45. डावा कानही जवळपास तसाच. 4,000 ला खोल खड्डा आणि 8,000 ला परत चढ. हा खड्डा आवाजाचा. वयामुळे ऐकणं कमी होतं तेव्हा सहसा रेघ उतरतच जाते, शेवटी वर येत नाही. फक्त एकाच कानात मोठा फरक असेल तर आवाजाला दोष देण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायला हवं, कारण त्यामागे दुसरं काही असू शकतं. रंगकामातली टोल्युइनसारखी द्रावणं आणि टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन इंजेक्शन हीही कानाला इजा करतात, तेही विचारलं पाहिजे.

पण मी सुरुवातीला म्हटलं ते इथे येतं. समजा एक पंचविशीचा मुलगा प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून जॉब काढतात तिथे, लागला. पहिल्या तपासणीत 2,000, 3,000, 4,000 ला त्याचे आकडे होते 10, 10, 15. तीन वर्षांनी आले 15, 20, 30. यातले दोन आकडे अजूनही 'नॉर्मल' रकान्यात आहेत, तिसरा जेमतेम बाहेर. नुसता नवा कागद बघणारा डॉक्टर म्हणेल, ठीक आहे, पुढचा बोलवा. पण दोन कागद शेजारी ठेवा. फरक आहे 5, 10, 15. सरासरी 10. अमेरिकेत 1983 पासूनचा नियम आहे की या तीन सुरांवर सरासरी 10 डेसिबलांची घसरण झाली तर ती धोक्याची घंटा समजायची, 30 दिवसांत फेरतपासणी करून खात्री करता येते, आणि घसरण पक्की झाली की 21 दिवसांच्या आत कामगाराला लेखी कळवायचं. या मुलाला अजून पाच आणि सातातला फरक कळतोय. आत्ता काही केलं तर पुढेही कळत राहील. हेच या तपासणीचं खरं काम आहे.

म्हणून नोकरीला लागतानाची पहिली तपासणी, आवाजात पाऊल टाकण्याआधीची, सगळ्यात मोलाची. आणि तीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते.

घसरण दिसली, मग काय

पहिली चौकशी मशीनची करायची. आवाज का वाढला? बेअरिंग खडखडतंय का, पत्रा सैल आहे का, हवेची पाइप गळतेय का? प्रेस शॉपमध्ये जॉब उडवायला जी हवा मारतात तिच्या उघड्या नोझलचा फुसकारा प्रेसपेक्षाही बोचरा असतो, आणि आवाज कमी करणारं नोझल काही फार महाग नसतं. धोट्याच्या मागाला पर्याय म्हणून रेपियर माग येतायत, त्यांच्यात धोट्याचा ठोकाच नाही. ते सगळ्यांना परवडणार नाहीत हे मला माहीत आहे. पण रबरी बफर वेळेवर बदलणं, मशीनखाली पॅड घालणं, माणसं आलटून-पालटून लावणं, एवढं छोट्या शेडमध्येही होतं.

त्यानंतर कानात घालायचा प्लग. मी मुद्दाम 'त्यानंतर' म्हणते, कारण बहुतेक ठिकाणी प्लगच्या डब्यापासूनच सुरुवात होते आणि तिथेच संपते.

फोमचा प्लग वाटला आणि सही घेतली की काम झालं असं नसतं. दहातले सात-आठ जण तो बुचासारखा अर्धा बाहेर ठेवतात, हे मी रोज बघते. हात धुवून प्लग बोटांत वळायचा, वातीसारखा बारीक आणि बिनसुरकुतीचा. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे भोक सरळ होतं. मग प्लग आत सारून तो फुगेपर्यंत, निदान 20-30 सेकंद, बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा, मडक्यात बोलल्यासारखा येतो. शेडमधल्या कापसाचा किंवा सुताचा बोळा कानात घालणारे पुष्कळ आहेत. त्याने कानाला दिलासा वाटतो, संरक्षण जवळपास मिळत नाही.

आणखी एक हिशेब, जो ऐकून सगळे चकित होतात. आठ तासांच्या पाळीत प्लग फक्त 48 मिनिटं काढून ठेवला, म्हणजे दहावा हिस्सा, तर उरलेला वेळ कितीही भारी प्लग घातला असला तरी दिवसभराचं संरक्षण 10 डेसिबलांच्या वर जाऊच शकत नाही. कारण त्या उघड्या 48 मिनिटांतच दिवसाच्या एकूण आवाजाचा दहावा हिस्सा कानात गेलेला असतो.

"प्लग घातला की मागाचं कळत नाही" ही तक्रार मी मनापासून ऐकते. अनुभवी कामगार कानाने माग चालवतो, ठोका बदलला की त्याला बघण्याआधी कळतं. पहिले दोन-तीन आठवडे खरोखर चुकल्यासारखं वाटतं, मग कान त्या नव्या आवाजाला सरावतात. आधीच ऐकणं गेलेल्या माणसाला मात्र फार जाड प्लग देऊ नये. त्याला हाकही ऐकू येणार नाही आणि अपघात होईल. त्याच्यासाठी बेताचं संरक्षण निवडावं लागतं, ते तपासणी करणाऱ्यालाच विचारा.

कायदा आणि कागद

आवाजामुळे येणारा बहिरेपणा फॅक्टरी कायदा 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत होता. म्हणजे तो आढळला की सरकारला कळवणं बंधनकारक. त्या कायद्याखालच्या नमुना नियमांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आवाजात काम करणाऱ्याची तपासणी नोकरी लागल्यापासून 14 दिवसांत आणि पुढे दरवर्षी करायला सांगितलं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता 2020 लागू झाली, तिच्या यादीतही हा आजार आहे. ईएसआयमध्येही, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, तो व्यवसायजन्य आजार धरला जातो, आणि किती टक्के अपंगत्व ते वैद्यकीय मंडळ ठरवतं.

अडचण वेगळीच आहे. नव्या संहितेत वीज वापरणारा कारखाना म्हणजे 20 किंवा जास्त कामगार. आठ-दहा माग आणि पाळीला दोन-तीन माणसं असलेल्या शेडचं काय? आवाज तोच, किंबहुना पत्र्याच्या छपराखाली जास्तच. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाचं पोट या आवाजावर चालतं, पण गावाच्या कानांची नोंद कुठेच नाही. अशा कामगाराने वाट बघू नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री होते. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जा, "मी मागावर काम करतो" हे तपासणाऱ्याला आधी सांगा, आणि 3,000-6,000 चे सूर घ्यायला सांगा.

मोठ्या कारखान्यात असाल तर कागदाची प्रत मागा. आपल्या आरोग्याची आणि सुरक्षेची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क कामगाराला 1987 च्या दुरुस्तीने मिळाला आणि नव्या संहितेतही तो आहे. मोबाइलमध्ये फोटो काढलात तरी चालेल, फक्त त्यावर तारीख, दोन्ही कानांचे सगळे आकडे आणि तपासणाऱ्याची सही दिसली पाहिजे. 'हिअरिंग नॉर्मल' असं एका ओळीत लिहिलेल्या शिक्क्याचा काही उपयोग नाही. उद्या तुलना करायला आकडे लागतात.

आणि नोकरी सोडताना, निवृत्त होताना किंवा कारखाना बदलताना शेवटची एक तपासणी करून घ्या. ती जवळजवळ कुणीच करत नाही. आवाजाने झालेलं नुकसान, आवाजातून बाहेर पडल्यावर, सहसा पुढे वाढत नाही. त्यामुळे शेवटच्या दिवशीचा कागद हाती असेल तर कामाने किती गेलं आणि नंतर वयाने किती गेलं, हे वेगळं काढता येतं. नसेल तर साठीत भरपाई मागायला गेलेल्या माणसाला सगळं वयावर ढकललेलं ऐकावं लागतं.

त्या यंत्रमाग कामगारांना मी दोन प्रती काढून दिल्या. एक त्यांनी खिशातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आधार कार्डामागे घातली. दुसरी बायकोने घेतली. जाताना तिने विचारलं की श्रवणयंत्र लावल्यावर पाच आणि सात नीट कळेल का. मी सांगितलं की घरात, समोरासमोर, बरंचसं कळेल. बाजारातल्या गलक्यात तितकं नाही. आणि तुम्ही बोलताना त्यांच्याकडे तोंड करून, जरा सावकाश बोला, पण ओरडू नका. ओरडल्याने 'आ' तेवढा मोठा होतो, 'स' तसाच राहतो. आपल्या 22 वर्षांच्या मुलाचे कान तपासायला कधी आणू, असंही तिने विचारलं. तो गेल्या महिन्यापासून शिरोलीच्या एका फाउंड्रीत लागला होता. मी म्हटलं, येत्या सोमवारी, सकाळी सात वाजता, ड्यूटीच्या आधी.